वरचे चार थेंब

देवराव गुल्हाने यांनी रसायनशास्त्राच्या वहीत पहिल्या रीडिंगसमोर '१' हा आकडा कधीच लिहिला नाही. अनुक्रमांकाच्या रकान्यात ते 'लाभ' लिहायचे. लाभ, २, ३. मी लाल पेनानं त्या लाभाभोवती गोल काढायचो, शेजारी ठसठशीत '१' लिहायचो आणि पुढच्या आठवड्यात ये रे माझ्या मागल्या. एकदा वैतागून विचारलं, तर त्यांनी मलाच अडाण्यात काढलं.

"सर, पैल्या मापाले कोनी एक म्हन्ते का? लाभ म्हनाव लागते. एक म्हटलं का बरकत गेली."

या आदरार्थी बहुवचनावरून देवराव माझे सहकारी असावेत असं कुणालाही वाटेल. ते माझे विद्यार्थी होते. बारावी विज्ञान, शेवटचा बाक. त्यांचं वय सत्तावीस आणि माझं चोवीस. मिश्या त्यांना होत्या, मला नीट फुटायच्या होत्या.

मी मूळचा साताऱ्याकडचा. एम.एस्सी. होऊन वर्षही झालं नव्हतं आणि केमिस्ट्री म्हणजे काय ते आपल्यालाच कळतं असा ठाम समज होता. एकोणऐंशीच्या जुलैत पुलगावला उतरून तिथल्या छोट्या गाडीनं आर्वीला आलो आणि दुसऱ्याच दिवशी कॉलेजात हजेरी घ्यायला उभा राहिलो. "गुल्हाने डी.!" म्हटल्यावर पांढरी टोपी घातलेला एक धिप्पाड गृहस्थ मागून उभा राहिला. मी म्हणालो, "पालकांनी ऑफिसात भेटावं." गृहस्थ नमस्कार करून मुकाट्यानं निघून गेला. अर्ध्या तासानं परत आला आणि दारातूनच म्हणाला, "सर, ऑफिसात म्हन्तात का तुमी पालकात नाई, पोट्ट्यात मोडता. बसू का?"

वर्ग खदखदून हसला. देवरावही हसले. हसलो नाही तो मी एकटा, कारण पहिल्या दिवशी मास्तरानं हसू नये असं मला कुणीतरी सांगितलं होतं.

देवरावांचं गावात भुसार मालाचं दुकान होतं. बाप लहानपणीच गेलेला, दुकानाची सूत्रं आईच्या हातात. जुनी मॅट्रिक झाल्यावर सात-आठ वर्षं तूरडाळ आणि ज्वारी जोखून झाल्यावर या माणसाच्या डोक्यात एकाएकी विज्ञान शाखेचं खूळ शिरलं. अकरावी कशीबशी निभावली. बारावीला मात्र सलग दोनदा आपटले, दोन्ही वेळा केमिस्ट्रीत, आणि त्यातही प्रॅक्टिकलमध्ये. का शिकताय म्हणून विचारलं की म्हणायचे, "ग्रेडर व्हाव म्हन्तो. कापसाचा." मला ते पटायचं. सरकारी खरेदीचे दिवस होते आणि कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरसमोर भलेभले टोपी काढत.

प्रयोगशाळेत ते अनवाणी यायचे. बाहेर चपला काढून, उंबऱ्याला हात लावून. "देवराव, खाली ॲसिड सांडलेलं असतं," मी ओरडलो. पुढच्या आठवड्यात त्यांनी एक कोरी करकरीत चप्पल आणली. ती हातात धरून यायचे, दाराबाहेर रोजची काढायचे आणि आत शिरताना कोरी घालायचे. सोवळ्यातली चप्पल हा प्रकार मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

निष्कर्ष या रकान्याशी त्यांचं जमत नसे. कच्च्या वहीत निष्कर्षासमोर ते फक्त 'जमलं' किंवा 'नाई जमलं' एवढंच लिहायचे. पण पक्की वही उघडली की पाहत राहावं असं मोत्यासारखं अक्षर, पूर्ण वाक्यं, पट्टीनं आखलेल्या आकृत्या. मला संशय आला. वह्या दुसऱ्याकडून लिहवून घेणारे महाभाग सगळीकडेच असतात.

"हे अक्षर कुणाचं?"

"घरचंच हाय सर."

"घरचं म्हणजे?"

"म्हंजे बाहेरचं नाई," देवराव म्हणाले आणि ताकास तूर लागू दिला नाही. मी वहीचे दोन मार्क कापले. त्यांनी ते आनंदानं दिले. गुल्हान्यांच्या घरात कुणाला काही कमी द्यायची पद्धतच नसावी.

आणि प्रश्न! बाकीची पोरं नळीत रंग आला की टाळ्या पिटून मोकळी व्हायची. देवराव ती नळी खिडकीशी नेऊन उजेडात धरायचे. "सर, हा निळा कोनता निळा? लुगड्याचा का नीळ टाकल्या पान्याचा?" मी म्हणायचो, "गडद निळा लिहा." ते हटायचे नाहीत. "गडद तं सारेच असतात. सांगाले बसलं का समोरच्याले दिसला पाह्यजे नं." परीक्षेत कोण समोर बसून ऐकणार होतं? मला वाटे, दुकानदाराची खोड, गिऱ्हाइकाला माल पटवून द्यायची. मी पुढच्या टेबलाकडे वळायचो.

पण यातल्या कशानंही माणूस नापास होत नाही. देवराव नापास होत होते ते टायट्रेशनमध्ये.

ज्यांनी हा प्रयोग केला नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाली काचेच्या फ्लास्कमध्ये मोजून घेतलेलं ॲसिड असतं, त्यात रंग दाखवणारं औषध. वर उभ्या नळीत, म्हणजे ब्युरेटमध्ये, अल्कली. तोटी हळूहळू सोडत थेंबथेंब अल्कली खाली पाडायचं आणि ज्या थेंबाला पाणी अगदी फिकं गुलाबी होईल तिथंच थांबायचं. किती अल्कली लागलं ते नळीवर वाचायचं. सगळी कला त्या थांबण्यात आहे.

देवराव थांबायचे. तोटी बरोबर बंद करायचे. गुलाबी रंग निरखायचे, समाधानानं मान डोलवायचे. आणि मग तोटी पुन्हा उघडून वरून चार थेंब टाकायचे.

"देवराव! झालं होतं ना?"

"झालंतं सर."

"मग हे काय?"

"वर टाकले. चार थेंब."

"काऊन?" चिडून माझ्याही तोंडून 'का'ऐवजी 'काऊन' निघून गेलं.

"आता बरोब्बर काटा धरून कोनाले द्याव? बरं नाई दिसत."

फ्लास्कातलं पाणी गुलालासारखं भडक झालेलं असायचं आणि उत्तर तेवढ्यानं चुकलेलं. मी समजावलं, रागावलो, फळ्यावर गणितं मांडली. देवराव प्रत्येक वेळी "हो सर" म्हणायचे आणि शेवटच्या क्षणी त्यांचा हात आपोआप तोटीकडे जायचा. तो हात लहानपणापासून, सतरा-अठरा वर्षं तराजूवर वळलेला होता, माझ्या सहा महिन्यांच्या मास्तरकीला तो काय दाद देणार! दिवाळी उलटली, ओला कापूस सुकून बैलगाड्यांनी बाजारात आला, थंडी पडली. मी हात टेकले. स्टाफरूममध्ये त्यांच्या नकला करून दाखवायला लागलो. त्या नकला चांगल्या व्हायच्या, हे आज सांगताना लाज वाटते.

बाजाराच्या दिवशी एकदा डाळ आणायला म्हणून त्यांच्या दुकानात गेलो. देवराव गादीच्या खाली उभे राहून जोखत होते. समोर एक म्हातारी, आष्टीकडच्या कुठल्या खेड्यातून आलेली. डाळीचं पारडं खाली झुकलं तरी त्यांनी पसाभर डाळ आणखी घातली, पुडी बांधताना परत चिमूटभर. म्हातारीनं पुडी नेहमीसारखी पिशवीत टाकली. माझ्याही डाळीवर पसा पडला. मी तिथंच उभा राहिलो. सहा महिने मी ज्या रोगावर औषध शोधत होतो तो रोग नव्हताच, ती त्यांची रीत होती.

गादीवर त्यांची आई बसली होती. बारकीशी, पण आवाज असा की बाहेरची बैलं कान टवकारतील. "देवा, अख्खं दुकान वाटून टाकतं का रे?" मग माझ्याकडे वळून, "मास्तर तुमीच का? आयका. याले यंदा पास तरी करा नाईतं घरी तरी पाठवा. हे शेवटचं साल हाय. माह्या तोंडचा शब्द एकच असते. यंदा नाई झालं तं पुन्हा त्या कालेजाचं नाव काढाचं नाई, अन् बाकीचंई नाव काढाचं नाई."

"माय, सरसमोर कायले," देवराव पुटपुटले. त्यांचा चेहरा उतरला. मी त्यांना दोनदा नापास झालेला, हसतमुख माणूस म्हणूनच ओळखत होतो. घाबरलेले देवराव मी पहिल्यांदा पाहिले.

त्या संध्याकाळी मी खोलीवर परत गेलो ते डोकं खाजवतच. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर त्यांना थांबवलं.

"देवराव, दुकानातली डाळ कुणाची?"

"आमची."

"म्हणून तुम्ही पसाभर वर देऊ शकता. आपल्यातलं देता. बरोबर?"

"बरोबर."

"हे ॲसिड तुमचं आहे का?"

"नाई. कालेजचं."

"आणि वरच्या नळीतलं?"

"तेही तुमचंच."

"मग तुम्ही वरच्याचं काढून खालच्याला चार थेंब जास्त देताय ते कुणाच्या परवानगीनं? इथं तुम्ही दुकानदार नाही, देवराव. दोघांचा सौदा आहे, तुम्ही मधले मापारी आहात. एकाला वर दिलं की दुसऱ्याचं गेलं."

देवरावांनी टोपी काढली. "म्हंजे इतके दिवस मी याचं चोरून त्याले देऊन राह्यलो?" त्यांच्या आवाजात खरंखुरं दुःख होतं. "कोनी सांगतलं काऊन नाई सर?"

मी तर रोज सांगत होतो. पण माझ्या भाषेत.

पुढचे तीन आठवडे उलटाच गोंधळ. आता ते आधीच थांबायला लागले. रंग यायचा होता तोवरच तोटी बंद. "वरच्याचं जास्त गेलं तं?" एकेक थेंब टाकताना अशी घालमेल की पोरांचे तीन प्रयोग व्हायचे तेव्हा यांचा एक. घामानं बोटं निसटायची म्हणून कमरेला पंचा खोचून यायचे. तरीही रोज कॉलेज सुटल्यावर थांबायचे आणि मीही थांबायचो. का थांबायचो? पगार तेवढाच होता. पण आईच्या तोंडचं ते 'शेवटचं साल' माझ्याही डोक्यात बसलं होतं. एव्हाना स्टाफरूममधल्या नकला मी बंद केल्या होत्या. संक्रांतीच्या आसपास एक दिवस फ्लास्कमध्ये असा रंग आला की आहे म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर नाही. देवरावांनी तोटी बंद केली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून टाकले. कच्च्या वहीत निष्कर्षासमोर त्यांनी लिहिलं, 'दोघाईचं बरोबर झालं.' त्या वर्षातलं ते त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य. मी त्याला लाल पेन लावलं नाही.

फेब्रुवारीत बोर्डाचं प्रॅक्टिकल. बाहेरून आलेले परीक्षक वयस्क आणि खवट. कॉलेजच्या पायरीवरच त्यांनी देवरावांना वाकून नमस्कार केला, "किती वर्षं झाली इथं नोकरीला?" देवराव म्हणाले, "साहेब, मी परीक्षेले बसून राह्यलो." परीक्षकांना आपला नमस्कार वाया गेल्याचा जो राग आला तो दुपारपर्यंत उतरला नाही.

बरोब्बर देवरावांच्या टेबलाशी ते येऊन उभे राहिले. वहीत तीन रीडिंग होती, तिन्ही सारखी. "तीनही सारखी? ही घरी बसून लिहिली का? माझ्यासमोर चौथं करा."

मी चार हातांवर उभा होतो. बोलायची परवानगी नव्हती, खोकलो असतो तरी तो इशारा झाला असता. देवरावांनी कमरेचा पंचा काढून हात पुसले. तोटी सोडली. थेंब, थेंब, थेंब. मग एक थेंब पडला आणि फिकी गुलाबी छटा आली, हलवल्यावरही राहिली. देवराव थांबले.

परीक्षकांनी चष्मा वर केला. मुद्दाम की खरोखर, मला आजही सांगता येणार नाही, पण ते म्हणाले, "फारच फिका आहे हो. टाका आणखी चार थेंब."

चारच कसे म्हणाला हा माणूस! समोर पाहुणा, वयानं वडील, हातात पास-नापास, आणि वर काय मागतोय तर देवराव ज्याला आयुष्यात कधी नाही म्हणाले नव्हते तेच. देवरावांचा हात उचलला गेला. तोटीपर्यंत गेला. तिथूनच मागं आला.

"नाई साहेब," ते म्हणाले, इतक्या हळू की मला जेमतेम ऐकू आलं. "माहा माल असता तं टाकला असता."

परीक्षकांनी नळीवर वाकून रीडिंग पाहिलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन माठातलं दोन पेले पाणी प्यालो.

जूनमध्ये निकाल लागला. देवराव पास झाले. थेअरीत काठावर, पण प्रॅक्टिकलला वर्गात दुसरे. मी खुशीत होतो. आता हा माणूस ग्रेडर होणार, रुबाबात कापसाच्या ढिगांवरून फिरणार, असं चित्र मी रंगवत होतो.

दोन दिवसांनी भर दुपारी ते माझ्या खोलीवर आले. सोबत त्यांची बायको, सुमनबाई. वीस-बावीसची असावी. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, आणि नजर सरळ माझ्या टेबलावरच्या पुस्तकांवर.

"बसा, बसा. मग, ग्रेडरचा अर्ज कधी करताय?"

"मले कायची ग्रेडरी सर! दुकान कोन पायन?" देवराव टोपी काढून मांडीवर ठेवत म्हणाले. "मी इच्यासाठी आलो. इचं अकरावीत नाव टाकाचं हाय. सायन्सले."

माझ्या लक्षात येईना. ते सांगत गेले. सुमनबाई वडनेरकडच्या. मॅट्रिकला फर्स्ट क्लास, शाळेत पहिल्या. पुढं शिकायची इच्छा, पण लग्न झालं. देवराव स्वतः मॅट्रिकला तिसऱ्या वर्गात. लग्नानंतर त्यांनी बायकोला कॉलेजात घालायची गोष्ट काढली, तेव्हा आई म्हणाली, नवऱ्याच्या वर बायको शिकली तर घराची तऱ्हा बिघडते. तू आधी बारावी हो, मग तिचं पाहू. नाही झालास, तर विषय संपला.

"अन् तुम्ही झालात."

"झालो नं. चार सालं लागली."

मला संताप आला, आणि तो मी लपवला नाही. "अहो, पण हा काय न्याय झाला? फर्स्ट क्लासची मुलगी, आणि तुम्ही पास होईपर्यंत तिनं चूल फुंकत बसायचं? आईला समजावून सांगायचं सोडून तुम्ही चार वर्षं..."

"सांगून पायलं सर," देवराव शांतपणे म्हणाले. "लय सांगून पायलं. मायपक्षा केमिस्ट्री सोपी पडली."

मी सुमनबाईंकडे वळलो. सायन्स जड जाईल, मधे चार वर्षांचा खंड पडलाय, असं काहीतरी मास्तरी बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, मोरचुदाच्या पान्यात अमोनिया टाकला का पैले फिका निळा साका येते. आखीन टाकला का तो साका जाते अन् पानी गडद होते. तो जाते कुठं? यायले पुसलं तं हे म्हन्तात, सरनं सांगतलं नाई."

सरांनी खरंच सांगितलं नव्हतं. वर्षभरात माझ्या चाळीस विद्यार्थ्यांपैकी हे एकानंही विचारलं नव्हतं. "तुम्ही हा प्रयोग कुठं पाहिलात?"

"पायला नाई. हे आले का रोज सांगत. दुकान बंद केल्यावर, जेवता जेवता. मी लिवून घेओ."

ते मोत्यासारखं अक्षर माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मी त्याचे कापलेले दोन मार्कही. माझ्या वर्गात एक विद्यार्थिनी जास्तीची होती आणि मला वर्षभर पत्ता नव्हता. मी उगाच पुस्तक काढून साका कुठं जातो ते सांगायला लागलो. देवराव आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहत होते. त्यांना यातलं फारसं कळत नव्हतं, आणि चेहऱ्यावर असं समाधान की जणू उत्तर त्यांनीच दिलंय.

प्रवेशाचा अर्ज मीच भरला. पालकाचे शिक्षण या रकान्याशी आलो तेव्हा देवराव पुढं सरकले. "ते जरा मोठ्या अक्षरात लिवा सर. माय अर्ज वाचून घेणार हाय." मी 'बारावी विज्ञान, उत्तीर्ण' असं लिहिलं.

उठता उठता त्यांनी विचारलं, "सर, बारावीच्या पुढं काय असते?"

"बी.एस्सी. वर्ध्याला आहे कॉलेज."

"किती सालाचं?"

"तीन."

त्यांनी टोपी डोक्यावर घातली, परत काढली. "तीन तुमच्या पोट्ट्याले. मले सा धरा." मग बायकोकडे वळून, माझ्यासमोर बोलावं की नाही असा विचार करत, शेवटी बोललेच. "सा सालं लागतीन वं मले. थांबशीन नं?"

सुमनबाईंनी अर्जाची घडी पिशवीत ठेवली आणि हसू आवरत म्हणाल्या, "थांबीन. पन यंदापासून तुमी माह्याजवळ शिकाचं. सर लय हळू शिकवतात."